जानकू मिस्त्री आणि जीपचा पिवळा दिवा

बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास सावळेरामची जीप घोडेगावात जानकू मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडपुढे येऊन उभी राहिली, तेव्हा जानकू एका पिकअपचं मागचं चाक खोलत होता. त्याने मान वर केली नाही. गाडी कोणाची ते त्याला आवाजावरून कळलं, आणि आवाज बरा नाही हेही कळलं. इंजिन अपचन झालेल्या माणसासारखं जड चालत होतं. धुराला कच्च्या पेट्रोलचा वास होता.

सावळेराम उतरला आणि शेडच्या खांबाला टेकून उभा राहिला.

"मिस्तरी, दिवा लागलाय."

"कुठला?"

"पिवळा. इंजिनाचं चित्र हाय त्यो."

"कवापासून?"

"दसरा झाला आन लागला. आधी लागायचा, इझायचा. आता इझतच न्हाई. आन सोमवारी गाडी घाटात दोनदा बंद पडली."

जानकूने पाना खाली ठेवला. सोमवारी म्हणजे गाडीत रत्ना होती.

रत्ना ही सावळेरामची बायको. वय छत्तीस. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी दहाला तिला मंचरच्या पुढे महामार्गावरच्या एका दवाखान्यात मशीनवर झोपावं लागायचं. चार तास रक्त धुऊन निघायचं, मग परत घर. घर आहुप्याच्या अलीकडच्या वाडीवर, डिंभ्याच्या धरणाच्या पाण्याला वळसे घालत वर जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाला. एसटीची वेळ त्या दवाखान्याच्या वेळेला जुळायची नाही, आणि पावसाळ्यात रस्ता खचला की एसटी खालीच थांबायची. म्हणून सावळेरामने राजुरीच्या एका बागायतदाराकडून ही जुनी जीप घेतली होती. पेट्रोलवरची, चारही चाकांनी ओढणारी. चिखलातून चढायची. त्या वाडीवर दुसरी गाडी नव्हती.

श्रावणात एकदा दरड पडून डायलिसिसची एक पाळी चुकली होती. दोन दिवसांत रत्नाचे पाय मांडीपर्यंत सुजले, पाणी छातीपर्यंत आलं. आडवं होता येईना. दोन रात्री ती भिंतीला टेकून बसून होती. तिसऱ्या दिवशी चौघांनी तिला झोळीतून दरडीच्या अलीकडे आणली, तेव्हा जानकू तिथे दुसरी गाडी घेऊन गेला होता. तिचा श्वास त्याने ऐकला होता. त्यानंतर या जीपचा साधा बोल्ट आवळतानाही तो दोनदा आवळून बघायचा.

आणि उद्या गुरुवार होता.

जानकू मूळचा वरचाच, डोंगरातला. शाळा चौथीपर्यंत. धरणाचं काम निघालं तेव्हा तो दगड वाहायला खाली आला. सहा महिने डोक्यावरून दगड वाहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की डंपर दुरुस्त करणारा माणूस सावलीत बसतो. तो त्या माणसाच्या हाताखाली राहिला. तिथेही सावली कमीच निघाली, पण काम पक्कं शिकायला मिळालं. उस्तादाने त्याला पहिलं वर्षभर फक्त नट धुवायला लावलं. रॉकेलात धुवायचा, पुसायचा, मापाप्रमाणे लावून ठेवायचा. एक चुकला की सगळे परत धुवायचे. जानकूला त्याचा राग आला नाही. नट धुताना कुठला नट कशाने झिजला ते कळतं, असं तो पुढे आपल्या गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि गिऱ्हाइकं घड्याळ बघायची.

अठ्ठ्याऐंशी साली त्याने घोडेगावात रस्त्याकडेला शेड घातली. डिझेलच्या जीपा, पिकअप, ट्रॅक्टर. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो ऐकायचा आणि रोग सांगायचा. काम सावकाश करायचा, पण परत येऊ द्यायचा नाही. त्याची बायको झुंबरबाई म्हणायची, "ह्यांना पंक्चर काढायला दिलं तर ह्ये टायरची जन्मपत्रिका मांडत्यात."

पण या जीपमध्ये कॉम्प्युटर होता. कार्ब्युरेटर नव्हता, वायरी होत्या. आणि दिव्याला आवाज नसतो.

"बंद पडली ती चढाला का उताराला?" जानकूने विचारलं.

"एकदा उतारानं जाताना. एकदा परत येताना, चढाला."

"मग चालू कशी झाली?"

"आपसूक. धा-पंधरा मिंटं थांबलो. रत्ना म्हनली, मार आता चावी. मारली, झाली."

ही दहा-पंधरा मिनिटं जानकूने ऐकली आणि सोडून दिली. त्याचं डोकं दिव्यात अडकलं होतं.

नारायणगावला चांगदेव नावाचा मिस्त्री होता. जानकूपेक्षा वयाने लहान, पण पेट्रोलच्या नव्या गाड्यांचं शिक्षण घेऊन आलेला. जानकूने त्याला मोबाइल लावला. कोणाला काही विचारायचं म्हणजे जानकूला घशात घास अडकल्यासारखं व्हायचं. आज त्याने तो गिळला.

"बोला जानकूभाऊ. डिझेल सोडलं का काय?"

"पिवळा दिवा लागलाय. कसा वाचायचा?"

चांगदेवने सांगितलं. बॅटरीजवळ एक छोटा प्लग असतो, टोपी घातलेला. टोपी काढायची. अमुक दोन खाचांत वायरचा तुकडा घालून जोडायचं. मग चावी लावायची, इंजिन चालू करायचं नाही. दिवा लुकलुकायला लागेल. थोडे लुकलुकून थांबेल, मग परत लुकलुकेल. पहिले ते दहाचे, नंतरचे ते सुट्टे. एक आणि दोन म्हणजे बारा. बारा आला तर कॉम्प्युटरची काही तक्रार नाही. दुसरा आकडा आला तर फोन करा.

"आन एक सांगतो," चांगदेव म्हणाला. "दिवा त्याला कळंल तेवढंच सांगतो बरं का."

"बरं," असं म्हणून जानकूने फोन ठेवला.

उन्हात दिवा नीट दिसेना. जानकूने एक गोणपाट घेतलं, डोक्यावरून डॅशबोर्डवर पांघरलं आणि आत तोंड घातलं. आत सुतळीचा आणि जुन्या कांद्याचा वास. दिवा लुकलुकला. एक. थांबला. एक, दोन, तीन, चार. लांब थांबला. परत एक.

"चौदा," जानकू गोणपाटातून म्हणाला.

"चौदा म्हंजी काय?" सावळेरामने विचारलं.

"गप ऱ्हा."

दुसऱ्यांदा चौदा आला. तिसऱ्यांदा त्याला पंधरा वाटला. डोळ्यात घाम गेला होता. त्याने गोणपाट काढलं, तोंड पुसलं आणि झुंबरबाईला हाक मारली. तिला शेजारी बसवली, दोघांच्या डोक्यावर गोणपाट घेतलं. बाहेर चहा द्यायला आलेला टपरीवाला थांबून बघू लागला.

"मिस्तरी, लग्न परत लागतंय का काय?"

"तू चहा ठिव आन जा," आतून झुंबरबाई म्हणाली.

ठरलं असं, की दोघांनी मनात मोजायचं आणि बोटं दाखवायची. सलग दहा वेळा दोघांची बोटं जुळली, तेव्हा जानकूने चौदा मान्य केला. सव्वादहा वाजले होते.

"चौदा म्हणजे पाण्याच्या गरमीचा सेन्सर," चांगदेव फोनवर म्हणाला. "इंजिन गरम झालं तरी कॉम्प्युटरला वाटतं थंडच आहे. म्हणून तो पेट्रोल जास्त ओततो. काळा धूर आहे का?"

"हाय."

"मग तोच. आधी त्याचा प्लग काढून बघा. सेन्सर घ्यायची घाई नको."

प्लग इंजिनाच्या पोटात होता. त्याच्यापर्यंत हात जायला हवेचा पाइप काढावा लागला. जानकूने तो काढून कापडावर ठेवला, क्लिपा डबीत टाकल्या. प्लग उपसला. आतल्या दोन पिना हिरव्या झाल्या होत्या, तांब्याच्या भांड्यावर येतो तसा कळंक चढला होता. त्याने नाकाशी धरला. आंबूस वास आला.

तो झुंबरबाईकडे वळला.

"खंडेनवमीला इंजिनावर नारळाचं पाणी कुणी घातलं?"

"मी घातलं. दरसाल घालते. गाडीच्या डोक्यावर नगं का घालायला?"

"ह्ये डोकं न्हाई. ह्येच्यात करंट असतो."

"मला काय ठावं? बोनट तर तुमीच उघडून धरलं व्हतं."

ते खरं होतं. खंडेनवमीला खोऱ्यातल्या वीस-पंचवीस गाड्या जानकूच्या शेडपुढे धुवायला आणि पूजेला यायच्या. यंदा त्याने त्यासाठी एका शेतकऱ्याचा द्राक्षावर औषध मारायचा पंप आणला होता. त्याच्या पाण्याला इतका जोर की वर्षाचं ऑइल क्षणात निघायचं. प्रत्येक गाडीचं इंजिन त्याने स्वतः फवारलं होतं. त्या जोराने पाणी प्लगच्या रबरातून आत शिरलं असणार, वर नारळाचं पाणी. जानकूने हे मनात मांडलं आणि खाली मान घालून कामाला लागला.

काड्यापेटीच्या काडीला पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळून त्याने एकेक पिन घासली. पेट्रोलने धुतली. उन्हात ठेवली. परत घासली. पिना पिवळ्याधमक झाल्यावर त्याने प्लग बसवला आणि वरून टेप गुंडाळली. पेट्रोलच्या पाइपातून थेंब काढून बोटावर घेतला. चटकन उडाला, बोट कोरडं. रॉकेलची भेसळ नव्हती. मग चावी लावली, आणि इंजिन चालू झाल्याबरोबर दिवा विझला. धूर विरळ झाला. आवाज हलका झाला. वायर जोडून मोजलं तर बारा आला, दहा वेळा बारा.

सावळेरामचं तोंड उजळलं. "देवासारखं काम केलं राव तुमी."

जानकूने बोनट उघडंच ठेवलं. तो अर्धा तास इंजिन चालू ठेवून स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून बसला. इंजिन एकदाही अडखळलं नाही. पण त्याचं समाधान झालं नाही. पेट्रोल जास्त ओतलं की गाडी जड चालते, धूर सोडते, पेट्रोल खाते. पण घाटात एकदम बंद पडावी आणि पंधरा मिनिटांनी आपसूक चालू व्हावी, हे त्यात बसत नव्हतं. एक रोग सापडला होता. दुसरा त्यातच आला, असं धरून चालायला मन तयार होत नव्हतं, आणि दुसरा दिसतही नव्हता.

"दिवा इझला ना?" सावळेराम म्हणाला. "मग झालं की."

"मी येतो तुझ्यासंगं वर. सकाळी तुमच्याबरोबर खाली येतो."

"अवो, कशाला?"

"येतो."

झुंबरबाईने भाकरी आणि ठेचा बांधून दिला. "दिवा बघायला चाललेत," ती टपरीवाल्याला म्हणाली. पण जानकूची पान्यांची पिशवी तिने स्वतः भरून गाडीत ठेवली.

पंपावर लोडशेडिंग होतं. जनरेटर दणदणत होता. टाकीचं झाकण श्रावणात कुणीतरी लांबवलं होतं. त्याजागी दुहेरी प्लॅस्टिकची पिशवी आणि वरून ट्यूबच्या पट्टीची गाठ. पंपावरच्या माणसाला ती सुटेना. सावळेरामने दातांनी सोडवली, टाकी भरून घेतली आणि परत बांधली.

"तुमी खंडेनवमीला मारून दिली तशीच मारतो मी," तो म्हणाला.

जानकूने पट्टी ओढून बघितली. घट्ट होती. थेंब आत जाणार नव्हता. त्याने मान हलवली.

शिनोली गेली, डिंभे गेलं, रस्ता पाण्याच्या कडेने वर लागला. जानकूचं लक्ष बाहेर नव्हतं. दर वळणाला तो दिव्याकडे बघायचा. दिवा काळा होता. वाडी अर्ध्या कोसावर असताना इंजिनाने एकदा ठसका दिला आणि सावरलं.

"खड्डा व्हता," सावळेराम म्हणाला.

खड्डा नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

घरी रत्ना ओट्यावर बसून नाचणी निवडत होती. चेहरा फुगलेला, पावलं जड. तिने जानकूला बघून पदर सावरला.

"तात्या तुमी? मंग गाडीचं अवघडच दिसतंय."

"न्हाई, न्हाई. सहज आलो."

"सहज कोन वर येतं हो?" रत्ना हसली. बोलताना तिला मध्ये थांबून श्वास घ्यावा लागत होता. सोमवारपासूनचं पाणी अंगात होतं. जेवणात तिने अर्धा पेला पाणी घेतलं आणि पेला पालथा घातला. एका जेवणाला तिला तेवढंच मोजून होतं.

गुरुवारी पहाटे बाहेर धुकं होतं, थंडी होती. साडेसहाला निघाले. रत्ना पुढे बसली, जानकू मागे, दोन सीटांच्या मधून मान घालून. इंजिन सुरळीत होतं. दिवा बंद. जानकूने घड्याळ बघितलं. वाटेत नीट गेलं तर नऊ, सव्वानऊ. दहाची पाळी. दहा वाजून दहा मिनिटांनी ते मशीन दुसऱ्याला देतात, हे सावळेरामने त्याला दोनदा सांगितलं होतं.

सात वाजून वीस मिनिटांनी, धरणाच्या पाण्यावरच्या एका वळणावर, इंजिन बंद पडलं.

ठसका नाही, धूर नाही. दम संपल्यासारखं थांबलं. सावळेरामने गाडी कडेला घेतली, ब्रेक ओढला, चावी परत लावली. दिवा लागला.

"लागला. मिस्तरी, लागला दिवा."

"चावी लावली की लागतोच. इंजिन बंद हाय म्हणून लागलाय. त्याच्याकडं बघू नको."

"मंग कुणाकडं बघू?"

जानकूने मागेपुढे बघितलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मोबाइलला रेंज नव्हती. रत्ना सीटवर पुढे सरकून, हात डॅशबोर्डला टेकून बसली होती. मागे टेकलं की तिला गुदमरत होतं. जानकूने तो श्वास ओळखला. एक, मग थोडं थांबून दुसरा, वरच्या वर घेतलेला.

तो उतरला. त्याने हात पॅन्टला पुसले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आता चांगदेव नव्हता, आकडे नव्हते. इंजिनाला ठिणगी लागते, हवा लागते, पेट्रोल लागतं. ठिणगी बघितली. स्पार्क प्लगच्या टोकाला निळी, टणक ठिणगी होती. हवेचा पाइप जागेवर होता. राहिलं पेट्रोल.

"चावी लाव. चालू करू नको, नुसती लाव."

चावी लागली की टाकीतला पंप दोन सेकंद घुमतो. जानकू रस्त्यावर उताणा झाला, गाडीखाली सरकला आणि टाकीला कान लावला.

"परत लाव."

पंप घुमत नव्हता, विव्हळत होता. तो आवाज जानकूने कुठेतरी ऐकला होता. विहिरीत फूटव्हॉल्व्हच्या जाळीला कचरा बसला की मोटर अशी ओरडते. पाणी असतं, पण ओढता येत नाही. टाकी तर काल भरलेली. मग ओढायला अडवतंय काय?

"तात्या," वरून रत्ना म्हणाली, "पंधरा मिंटं थांबा. सोमवारी अशीच झाली व्हती. आपसूक लागंल."

सोमवारीही पंधरा मिनिटं. जानकू टाकीखाली पडून राहिला. पंधरा मिनिटांत काय बदलतं? इंजिन थंड होतं, पण एवढ्या थंडीत ते तापलंच कुठे होतं. काही निघून जात नसेल, तर काहीतरी आत येतंय. सावकाश. गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गळायचं थांबतं. दुसरं भोक पाडावं लागतं, हवेसाठी. हे त्याच्या घरात झुंबरबाईलाही माहीत होतं.

तो बाहेर सरकला आणि टाकीच्या तोंडापाशी गेला.

प्लॅस्टिकची पिशवी आत खोल ओढली गेली होती, दात पडलेल्या माणसाच्या गालासारखी. वर ट्यूबची पट्टी चार वेढे देऊन आवळलेली. त्याने नखाने गाठ सोडवायला बघितली. सुटली नाही. खिशातलं पातं काढून पट्टीखाली घातलं आणि कापलं.

सूऽऽऽ असा आवाज आला. लांब, थांबेचना. टाकी हवा ओढून घेत होती. सावळेराम धावत आला. रत्नाने खिडकीतून मान बाहेर काढली. तिघांनी तो आवाज संपेपर्यंत ऐकला.

"काय व्हतं ह्ये?" सावळेराम म्हणाला.

"माझं काम," जानकू म्हणाला. "त्या फवाऱ्याच्या पंपाचं पाणी टाकीत जाऊ नये म्हणून खंडेनवमीला मी असं बांधलं. तू माझं बघून तसंच बांधत ऱ्हायलास. पाणी गेलं न्हाई. हवाबी गेली न्हाई."

"पन टाकीला हवेची नळी असंल की दुसरी."

"असती. ती चिखलानं बुजली असणार. मी बघितली न्हाई."

सावळेरामने त्याच्याकडे बघितलं. सोमवारपासून तो घाटातल्या त्या दोन थांब्यांचा हिशोब कोणाच्या माथी मारायचा ते शोधत होता, आणि आता माणूस समोर उभा होता.

"लई घट्ट बांधता तुमी, तात्या," रत्ना म्हणाली. मग श्वास घेतला. "चला आता. नंतर भांडा."

चावी लावल्याबरोबर इंजिन चालू झालं. आठला पाच मिनिटं होती. जानकूने आपला गमछा फाडून त्याचा तुकडा टाकीच्या तोंडावर सैल बांधला. वळणावर पेट्रोलचा वास यायचा.

"बिडी पेटवायची न्हाई," तो सावळेरामला म्हणाला.

"मी काय येडा हाय?"

घोडेगावात शेडपुढे झुंबरबाई उभी होती. जानकूने उतरायचं ठरलं होतं. तो उतरला नाही. तिने हाताने विचारलं, त्याने हाताने पुढे असं दाखवलं. मंचरच्या चौकात ट्रॅक्टरांची रांग होती, कांद्याची. तिथे अर्धा तास गेला. जानकू घड्याळ बघायचा, मग रत्नाच्या मानेकडे बघायचा, परत घड्याळ. सावळेराम हॉर्न दाबून दाबून दमला.

दहा वाजून सोळा मिनिटांनी ते दवाखान्यात पोचले.

मशीनवरच्या मुलीने वहीत बघितलं. "मावशी, उशीर झाला. तुमच्या मशीनवर दुसरे काका घेतले."

"मग मला परत पाठीवता का वर?" रत्ना म्हणाली. "पाठवा. पन चालत जायला लावू नका."

मुलीने तिच्या पायाकडे बघितलं, बोट टेकवून दाबून बघितलं. खळगा पडला, तो भरेना. ती आत गेली. बाहेर आली. साडेअकराला दुसरं मशीन रिकामं होत होतं, तोवर बसायचं होतं. नाकाला ऑक्सिजन लावून तिला खुर्चीत बसवली. सावळेराम तिच्या शेजारी बसला. जानकू दाराशी उभा राहिला. सव्वा तास तो तिथून हलला नाही. अकरा पस्तीसला रत्नाला आत नेली. काचेतून त्याला तिच्या दंडातून निघालेली लाल नळी दिसली, मशीनचं चाक फिरताना दिसलं. मग तो वळला.

चार तास होते.

आवारात त्याने जीप सावलीत घेतली, पान्यांची पिशवी काढली आणि गाडीखाली गेला. वॉचमन आला.

"ओ भाऊ, इथं गाडी रिपेर करायची नाय."

"रिपेर न्हाई. बघतोय."

"काय बघताय?"

"जे काल बघायला पायजे व्हतं ते."

वॉचमन निघून गेला. हवेची नळी टाकीच्या वरच्या अंगाने पुढे गेली होती. तिच्या क्लिपा गंजल्या होत्या. तीन सोडवल्या, चौथी तुटली. नळी काढून तिच्यात फुंकलं तर हवा जाईना. सायकलच्या तारेने त्याने वीतभर आतून चिखल काढला, वाळलेला, विटेसारखा. मग पेट्रोल घालून खळबळली. परत तार. परत फुंकलं. दुसऱ्या टोकाला हात धरला, हातावर वारा लागला. त्याने पंचवीस वेळा फुंकलं. नळी जागेवर बसवली, तुटलेल्या क्लिपेच्या जागी तार पिळली. टाकीच्या तोंडावर नवं प्लॅस्टिक बांधलं, सैल, आणि वर खिळ्याने भोक पाडलं. इंजिन चालू ठेवून वीस मिनिटं थांबला. उघडलं. आवाज आला नाही. बांधलं, परत वीस मिनिटं थांबला. परत उघडलं. काही नाही. तिसऱ्यांदा त्याने कान टाकीच्या तोंडाला लावूनच उघडलं.

पावणेचारला रत्ना बाहेर आली. चालत आली. चेहऱ्यावरची सूज उतरली होती, डोळे आत गेले होते, पण बोलताना मध्ये थांबत नव्हती. सावळेरामने पुढचं दार उघडलं.

"झालं का बघून?" तिने जानकूला विचारलं.

"झालं. तरी दर पाच किलोमीटरला थांबायचं. मी उतरून ऐकणार."

"अंधार व्हईल की वर जाईस्तवर," सावळेराम म्हणाला.

"व्हऊ दे."

सावळेराम गाडीत बसला. त्याने चावी लावली. दिवा लागला, इंजिन चालू झालं, दिवा विझला. शिनोली येईपर्यंत ते पाच वेळा थांबले.